केशर कशात भिजवायचं

बडोदे,
५ जानेवारी १९९७

ती. लक्ष्मीकांतमामा,

नमस्कार. दिवाळीखेरीज माझं पत्र येत नाही, तेव्हा पाकीट पाहून तू आधी घाबरला असशील. कोणी आजारी नाही आणि कोणाचं लग्नही ठरलेलं नाही, माझं तर नाहीच. काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमण्यासारखं नाही.

अलकापुरीत एक नवं हॉटेल उघडतंय. त्यात इटालियन जेवणाचं वेगळं दालन असणार आहे आणि त्यांना सहा स्वयंपाकी हवेत. होमसायन्सची पदवी घेऊन गेले आठ महिने मी एका शाळेत मुलांच्या डब्यांचे तक्ते भरते आहे. कंटाळून अर्ज केला. लेखी परीक्षेत पासही झाले. आता २२ फेब्रुवारीला प्रत्यक्ष रांधून दाखवायचं आहे. तीन पदार्थ दिलेत, त्यातला एक निवडायचा. दोन शाकाहारी आहेत, ते सगळे पटेल आणि शहा करणार. तिसरा म्हणजे स्पॅगेटी, शेवयांसारखा पण जाड आणि लांब पास्ता, कोलंबी आणि शिंपल्यांबरोबर, केशर घालून.

मी तो निवडलाय. कोलंबी साफ करायला आईने मला आठव्या वर्षी बसवलं होतं, तेवढी एक गोष्ट मला परीक्षेला येणाऱ्या तीस जणांपेक्षा नक्की चांगली येते. पण हा पदार्थ मी खाल्लेला नाही, पाहिलेला नाही. कॉलेजात मॅक्रोनी शिकवली होती, ती व्हाइट सॉसमध्ये बुडवून वर चीज घालून भाजायची. केशर आणि कोलंबी एकत्र म्हटल्यावर आई म्हणाली, मग श्रीखंडात बोंबीलही घाल म्हणावं. तू इटलीला जाऊन आलायस. ऑफिसर लोकांच्या टेबलावर तुला असलं काही वाढलं असेलच. ते कसं दिसतं, कसं लागतं, आठवेल तेवढं लिही.

आता खरी अडचण. बाबा. ते म्हणतात, परीक्षा दे हवी तर, पण नोकरी करायची नाही. पणजोबा सरकारवाड्याच्या खासगी खात्यात होते हे तर तुला पाठच आहे, ते सगळं पुन्हा एकदा झालं. मग म्हणाले, "कारखानिसांच्या आणि दिघ्यांच्या, दोन्ही घरांत पगार घेऊन चुलीपुढे उभं राहिलेलं एक माणूस दाखव." मी काय दाखवणार? पण शेवटी एवढं कबूल केलं की लक्ष्मीकांतरावांना विचार, ते जहाजावर ऑफिसर होते, जग पाहिलेला माणूस आहे, ते म्हणतील ते मी ऐकून घेईन.

म्हणजे सगळं तुझ्या हातात आहे. मामा, मला ही नोकरी हवी आहे. आजवर कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती. बाबांना एक चांगलं पत्र लिही.

तुझी,
अबोली


रेवदंडा,
१४ जानेवारी १९९७

चि. अबोली,

खूप आशीर्वाद. आज संक्रांत. तुम्ही सगळे गच्चीवर असाल आणि तुझे बाबा ऑफिसचा मान विसरून, दुसऱ्याचा पतंग कापला की "काप्यो छे" ओरडत असतील. मी इथे ओट्यावर बसून तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

आधी पदार्थाचं. आमच्या जहाजावर एक भंडारी होता. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. सार्डिनिया म्हणून इटलीचं एक बेट आहे, तिथल्या काल्यारी बंदरात तो हा प्रकार शिकला होता. त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो.

कोलंबी सोलल्यावर डोकी आणि सालं टाकायची नाहीत. ती थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतायची, पाणी घालून अर्धा तास उकळायची आणि गाळून घ्यायची. सगळी चव त्या पाण्यात असते. तेल ऑलिव्हचं. बडोद्यात ते केमिस्टकडे बाळाच्या मालिशसाठी मिळतं, ते घेऊ नकोस. सरावाला शेंगदाण्याचं चालेल, परीक्षेत हॉटेलवाले देतील. लसूण ठेचायचा नाही, पातळ चकत्या करायच्या आणि रंग बदलायच्या आत पुढचं घालायचं. कोलंबी एक मिनिट, फार तर सव्वा, की बाहेर काढायची. आपण तिला रबर होईपर्यंत शिजवतो. शिंपल्या म्हणजे आपल्या तिसऱ्याच. तोंड उघडलं की झाल्या, जी उघडत नाही ती फेकून द्यायची. पास्ता अर्धवट शिजला की त्या गाळलेल्या पाण्यात टाकायचा, तिथे तो पुरा होतो. केशर भिजवून घालायचं, चार माणसांना चिमूटभर, जास्त घातलंस तर औषधासारखं लागेल. आणि कोथिंबीर घालू नकोस. तुझा हात शिवशिवेल, मला ठाऊक आहे.

सोबत देवेंद्ररावांना वेगळं पत्र जोडलं आहे. जहाजावर स्वयंपाक्याला किती मान असतो, वादळात सगळे त्याच्या तोंडाकडे कसे बघतात, परदेशात हे काम किती शिकलेली माणसं करतात, ते सगळं नीट लिहिलं आहे. माझा शब्द ते टाळणार नाहीत असं वाटतं.

सुनीतीला सांग, गुडघ्याला तेल लावत जा. 

तुझा,
मामा


बडोदे,
३० जानेवारी १९९७

ती. मामा,

दोन्ही आघाड्यांवर हार. आधी छोटी सांगते.

रविवारी पाणीगेटकडून कोलंबी आणली. तिसऱ्या इथे मिळत नाहीत, त्या सोडल्या. मैत्रिणीच्या भावाने मुंबईहून स्पॅगेटीचं पाकीट आणलं होतं. नेहमीप्रमाणे खिडक्या लावल्या, उदबत्ती पेटवली, वरच्या चारुलताबेनना वास जाऊ नये म्हणून. तू लिहिलंस तसं सगळं केलं. सालांचं पाणी काढलं तेव्हा तर आईसुद्धा डोकावून गेली. मग मी केशर भिजवलं आणि पास्त्यावर ओतलं, आणि आईने वाटीकडे पाहिलं.

मामा, केशर आपण कशात भिजवतो? कोमट दुधात. मी बावीस वर्षांत दुसरं काही पाहिलेलं नाही. श्रीखंड असो, केशरीभात असो, वाटीत दूध आणि दुधात केशर. माझ्या डोक्यातही आलं नाही की ते कोलंबीवर जाणार आहे. आईने पातेलं उचललं आणि सगळं बाहेर. माशांबरोबर दूध पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, म्हणून तिने आम्हाला जन्मात मासे खाल्ल्यावर ताक पिऊ दिलं नाही, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत दूध ओतलं. कुत्र्यालाही घालू दिलं नाही, त्याने काय पाप केलंय म्हणाली. चारुलताबेननी वरून विचारलं, "सुनीतीबेन, आजे शुं बनाव्युं छे?" आई म्हणाली, "धूळ."

आता मोठी. बाबांनी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षर किती सुरेख, भाषा किती घडीव, असं कौतुक झालं. मग घडी घालून म्हणाले, "साहेबांना काय, ताट समोर येत होतं. ज्याच्या हातात झारा होता त्याला विचारा." मी म्हटलं, तुम्ही तर मामांचं ऐकणार होतात. तर म्हणाले, ऐकलं की. पण ज्याने कधी कांदा चिरला नाही त्याने कांदा चिरण्याचा मान सांगावा, हे मला पटत नाही. त्या भंडाऱ्याला लिहायला सांग. स्वतःच्या मुलीला तो या कामात घालेल का, एवढंच मला त्याच्याकडून हवंय.

मला राग आला, पण खरं सांगू, त्यांचं म्हणणं मला चूक वाटेना.

तो भंडारी अजून आहे का? त्याचा पत्ता दे. मराठी येत नसेल तर हिंदीत लिहीन. परीक्षेला तेवीस दिवस उरलेत.

अबोली


रेवदंडा,
८ फेब्रुवारी १९९७

चि. अबोली,

भंडाऱ्याचा पत्ता हाच आहे.

हे एक वाक्य लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आज पुढे लिहितो.

मी ऑफिसर कधीच नव्हतो. इंटरला नापास झालो तेव्हा तुझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या दिनकररावांनी, माझ्याशी बोलणं सोडलं. ते शाळामास्तर, बडोद्यातली अर्धी मुलं त्यांच्या हाताखालून पास झालेली, आणि घरचाच दिवा असा. मी मुंबईला पळालो आणि गोदीत जो पहिला जहाजात घेईल म्हणाला त्याच्या मागे गेलो. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलायला. सहा वर्षांनी भंडारी झालो आणि शेवटपर्यंत भंडारीच राहिलो. एकोणतीस वर्षं माणसांना जेवायला घातलं. मला ते आवडत होतं.

१९६८ साली तुझ्या आईचं लग्न ठरलं. बोलणीत कारखानीस मंडळींनी विचारलं, मुलीचा भाऊ काय करतो? आजोबा म्हणाले, जहाजावर ऑफिसर आहे. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. मी तेव्हा एडनला होतो. त्यांचं पत्र आलं, चार वर्षांत पहिलं. त्यात लिहिलं होतं, आता तुला तसंच राहावं लागेल, सुनीतीच्या संसाराचा प्रश्न आहे. मी राहिलो. बडोद्याला यायचं म्हणजे मी पांढरी पँट इस्त्री करून घ्यायचो. तुझे बाबा मला तारे कसे ओळखतात ते विचारायचे. सुकाणूवरच्या माणसाकडून जे काही ऐकलं होतं ते मी सांगायचो. तुमच्या घरी मी एकदाही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही, कारण एकदा आत गेलो असतो तर माझे हात मला ऐकले नसते.

आता काल्यारी. १९७३ साली इंजिन मोडून आमचं जहाज तिथे सात आठवडे अडकलं. बंदराजवळ असुंता नावाच्या विधवा बाईची खानावळ होती. तिला माझी भाषा येईना, मला तिची. मी तिचा लसूण सोलून द्यायचो आणि बघायचो. तिच्या माहेरी केशराची शेतं होती. ती काड्या मोजून घ्यायची आणि एक जास्त पडली तर परत ठेवायची. शेवटच्या आठवड्यात तिने मला चुलीपुढे उभं केलं आणि स्वतः गिऱ्हाइकांत जाऊन बसली. माझ्या हातची ती पहिली ताटली तिने संपवली. त्यानंतर दर रविवारी जहाजावर मी ते केलं, जिथे जे मासे मिळतील ते घालून. एकदा कॅप्टन स्वतः गॅलीत आला आणि रिकामी ताटली माझ्या हातात देऊन गेला. तो दिवस मी कोणाला सांगू शकलो नाही. आज तुला सांगतो आहे.

तेव्हा केशर. मी भिजवून घाल म्हटलं आणि कशात ते लिहिलं नाही, कारण माझ्या हाताला ते इतकं पाठ झालंय. चूक माझी आहे, तुझी नाही. ते सालांचं गाळलेलं पाणी असतं ना, त्यातलंच वाटीभर गरम घे आणि त्यात पंधरा मिनिटं ठेव. दूध नाही. असुंताच्या खानावळीत कोणी माशांवर चीज मागितलं तर ती ताटली उचलून न्यायची. तिची आणि सुनीतीची गाठ पडली असती तर दोघींचं जमलं असतं.

देवेंद्ररावांचं वाक्य वाचून मी आधी हसलो. मग पत्र पुन्हा एकदा वाचलं. ते बरोबर बोलले होते. मी साहेब होऊन लिहिलं म्हणून माझ्या शब्दाला काही वजन राहिलं नाही. आता भंडारी म्हणून त्यांना उत्तर देतो. मला मुलगी असती तर मी तिला या कामात घातलं असतं का? ती तुझ्यासारखी मागत असती तर हो. दिवसभर उभं राहावं लागेल, हात भाजतील, पायाच्या शिरा फुगतील आणि वर्षानुवर्षं कोणी नाव विचारणार नाही, हे सगळं सांगून मग हो.

हे पत्र बाबांना दाखवायचं की नाही ते तू एकटीने ठरवू नकोस. आधी आईला विचार. खोटं तिच्या लग्नासाठी बोललं गेलं होतं. देवेंद्ररावांची मला तितकी भीती वाटत नाही, तिची वाटते.

तुझा,
मामा


बडोदे,
१७ फेब्रुवारी १९९७

प्रिय दादा,

अबोलीने पत्र माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला रडू येईल असं तिला वाटलं असावं. मी वाचलं आणि म्हटलं, मला माहीत आहे.

दादा, मला बावीस वर्षं माहीत आहे. अबोलीच्या वेळी मी बाळंतीण होते आणि तू आला होतास. चार दिवस मला अन्न जात नव्हतं. दुपारी सगळे झोपले होते, मी पाणी घ्यायला उठले तर तू आमच्या स्वयंपाकघरात होतास. कांदा चिरत होतास आणि तुझं कांद्याकडे लक्षसुद्धा नव्हतं, खिडकीबाहेर बघत होतास. मी पाणी न पिता परत येऊन पडले. थोड्या वेळाने कामाच्या प्रेमलाबाईंनी मुगाचं कढण आणून दिलं. त्यांनीच केलंय असं सांगून तू आग्रह केलास. दोन वाट्या प्यायले मी. त्यानंतर कितीदा तसं करून पाहिलं, तसं होत नाही. आणि तू म्हणतोस, उंबरा ओलांडला नाही.

बोलले का नाही, विचारशील. मला वाटलं, तुला लाज वाटते. तू झाकून ठेवलंयस ते आपण कशाला उघडं करायचं. आणि तू माझ्यासाठी गप्प होतास. आपल्या दोघांना काय म्हणावं.

पत्र ह्यांना मीच दिलं. ह्यांनी दोनदा वाचलं. पहिला प्रश्न काय विचारला सांगू? "मग ते ताऱ्यांचं सगळं कोणी सांगितलं?" त्यानंतर डबा न घेता ऑफिसला गेले. आज सहावा दिवस. मीठ वाढ, पंखा लाव, एवढंच बोलतात. मी एकदा म्हटलं, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, लग्न माझं होतं. तर म्हणाले, "तुझ्यावर नाही." कोणावर ते सांगितलं नाही.

अबोली रोज सराव करते. केशर आता पाण्यात भिजतं. परवा मी चव घेतली. चांगलं झालं होतं, पण हे तिला सांगितलेलं नाही. परीक्षेला जायची ती, हे नक्की. नोकरीचं अजून हो नाही आणि नाहीही नाही.

तुझी,
सुनीती

ता. क. गुडघा बरा आहे.


बडोदे,
१ मार्च १९९७

ती. मामा,

झालं. मला घेतलं.

घाईने पुढचं सांगते, नाहीतर तू नाचायला लागशील. घेतलंय ते सगळ्यात खालच्या पायरीवर. पहिले सहा महिने कोलंबी सोलायची, कांदे चिरायचे आणि मोठ्यांची पातेली पुढे सरकवायची. तुझ्या बटाट्यांसारखंच.

सकाळी मी रिक्षा बघायला निघाले तर बाबा खाली स्कूटर पुसत होते. बस म्हणाले. प्रतापनगरहून थेट अलकापुरी. पुढच्या दाराशी उतरवतील असं वाटलं होतं, पण स्वयंपाक्यांना मागून प्रवेश होता, तेव्हा त्यांनी विचारत विचारत मागचं फाटक शोधून काढलं.

हॉटेलने बोलावलेले शेफ खरेच इटालियन आहेत, साठीचे, लहानखुरे, सतत रुमालाने मान पुसतात. मासे घेतलेले आम्ही दोघंच होतो, मी आणि सुरतेचा एक जण. तिसऱ्या मुंबईहून बर्फातून आणल्या होत्या, त्यातल्या पाच उघडल्या नाहीत, मी फेकल्या. सालांचं पाणी, लसूण, केशर, सगळं तू सांगितलंस तसं. पण पास्ता एक मिनिट जास्त शिजला, मला तेव्हाच कळलं. घरच्या शेवयांची सवय, दुसरं काय. प्रत्येकाच्या टेबलावर किसलेल्या चीजची वाटी ठेवली होती. सुरतच्याने दोन मुठी घातलं. मी हात लावला नाही.

शेफनी खाल्लं. आधी पास्त्याबद्दल मी बोलणी खाल्ली, चांगली सणसणीत, दुभाष्याने सुद्धा थोडी गाळली असावीत. मग चीजच्या वाटीकडे बोट दाखवून विचारलं, का नाही घातलं? तुझी असुंता सांगावी की नाही मला कळेना. मी सांगितलं, माझी आई माशांबरोबर दुधाचं काही चालू देत नाही, गेल्या महिन्यात तिने माझं अख्खं पातेलं फेकलंय. दुभाष्याने सांगितल्यावर ते एवढे हसले की रुमाल डोळ्यांना लावला. म्हणाले, माझ्या आईनेही फेकलं असतं. पुन्हा एक घास घेतला, आणि मग आणखी एक.

बाहेर आले तर चार तास झाले होते आणि बाबा तिथेच होते, फाटकाच्या सावलीत, स्कूटरवर बसून. ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती म्हणे. मी म्हटलं, पास्ता जास्त शिजला. ते म्हणाले, "होतं पहिल्यांदा." निकाल परवा आला. १० तारखेला रुजू व्हायचंय. बाबांनी पत्र वाचलं आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. करार सही करून पाठवायचाय, तो पण त्याच खणात आहे. मी मागितलेला नाही. आई म्हणते, थांब.

मामा, थांबवत नाही.

अबोली


बडोदे,
१२ मार्च १९९७

श्री. लक्ष्मीकांतराव यांस,

सप्रेम नमस्कार. आपले ८ फेब्रुवारीचे पत्र माझ्या नावाचे नसले तरी त्यात एका प्रश्नाचे उत्तर मला दिलेले आहे, म्हणून पोच देणे भाग आहे. उशीर झाला, क्षमा असावी.

आपण भंडारी होता याचा मला राग आला, असे घरात सर्वांना वाटले. पहिले दोन दिवस मलाही तसेच वाटले. ऑफिसात, शेजारी, लग्नाकार्यात मी आपल्याविषयी काय काय सांगत आलो ते आठवून कानाची पाळी लाल होत होती. नंतर लक्षात आले की बोचते ते वेगळेच आहे. एकोणतीस वर्षे आपण माझ्या घरी येत होता, माझ्या पंक्तीला बसत होता, आणि एवढी साधी गोष्ट मला सांगता येईल असे आपल्याला कधी वाटले नाही. सुनीतीला माहीत होते, तिलाही वाटले नाही. दोघांचेही चुकले असे मी म्हणणार होतो. मग आठवले की याच घरात मी मुलीला म्हणालो होतो, चुलीपुढे उभे राहिलेले एक माणूस दाखव. जो असे म्हणतो त्याला कोण सांगणार?

हॉटेलच्या मागल्या फाटकाशी बसलो होतो त्या दिवशी हाच विचार डोक्यात होता. आत मुलीचे काय चालले आहे ते दिसत नव्हते. पुढेमागे तिनेही मला काही सांगताना आधी पांढरी पँट घालून यावे, अशी पाळी मला नको आहे.

करारावर तिची सही झाली. साक्षीदाराची जागा होती, तिथे मी सही केली. सोमवारी पहाटे सहा वाजता तिला मीच सोडून आलो. फाटकावरच्या रखवालदाराने विचारले, साहेब, कोणाला भेटायचंय? मी म्हणालो, "कोणाला नाही. माझी मुलगी इथे स्वयंपाकाला आहे." म्हणायला एवढे जड जाईल असे वाटले होते, तसे गेले नाही.

आता एक विनंती. आपण एप्रिलमध्ये येता येईल का ते पाहावे. अबोलीला आठवड्याची सुट्टी मंगळवारी असते. मासळी कुठून आणायची, काय काय लागेल, त्याची यादी आधी पाठवावी, मी स्वतः जाऊन आणीन. सुनीतीला मुगाचे कढणही हवे आहे. तारीख कळवा म्हणजे मी दोन दिवस रजा टाकतो. आपण कसे करता ते मला स्वयंपाकघरात उभे राहून पाहायचे आहे.

आपला,
देवेंद्र कारखानीस